ढक्कन कोण उघडतं?

चार वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या सभागृहात सफाई कामगारांच्या प्रश्नावर जाहीर चर्चा ठेवली होती. पत्रिकेवर ‘दक्षिण आशिया’ असा मोघम शब्द छापला होता. ‘भारत-पाकिस्तान’ असं छापलं तर परवानगी अडकेल, अशी आयोजक प्राध्यापकांना धास्ती होती. कराचीच्या एक संशोधक पडद्यावरून बोलणार होत्या. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, उद्घाटकांचं भाषण वीस मिनिटं लांबलं, कराचीचं चित्र दोनदा गोठलं, आणि प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटं उरली. मागच्या रांगेत महापालिकेचा एक सफाई कामगार बसला होता. पहाटे चौकीवर हजेरी लावून, पाळी संपवून, अंघोळ करून आलेला. त्याच्यापर्यंत माइक पोहोचलाच नाही. त्यानं उभं राहून गटाराच्या ढक्कनाबद्दल मोठ्यानं विचारलं, ‘मॅडम, आपके यहाँ ढक्कन कौन खोलता है?’

पडद्यावर शांतता. नेट पुन्हा गेलं की काय, असं वाटलं. मग बाई म्हणाल्या, ‘वही, जो आपके यहाँ खोलता है.’

नंतर चहाच्या टेबलापाशी तो माझ्याशी बोलला. त्याचं घराणं मूळचं काठेवाडचं. आजी सांगायची, दुष्काळात दोन भाऊ निघाले, एक गलबतानं मुंबईला आला, दुसरा कराचीला गेला. काम दोघांनाही एकच मिळालं. कराचीत नारायणपुरा म्हणून सफाई कामगारांची जुनी वस्ती आहे, फाळणीच्या आधीची. बाईंच्या बोलण्यात ते नाव आलं आणि याचे कान टवकारले होते.

त्या दुपारपासून मला एक गोष्ट पटलेली आहे, आणि ती अलीकडच्या हवेत बोलायला अवघड झाली आहे. दोन शेजारी देशांच्या सामाईक सामाजिक दुखण्यांवर विद्यापीठांनी जाहीरपणे, शेजाऱ्याला समोर बसवून बोललं पाहिजे. मैत्री वाढावी म्हणून हे मी म्हणत नाही. मैत्रीच्या कार्यक्रमांना मी बरीच वर्षं जात आलो, वाघा सीमेवरच्या मेणबत्त्यांचे फोटो पाहत आलो. एक हल्ला झाला की ते सगळं मेणासारखंच वितळतं. माझं कारण रुक्ष आहे. घरातल्या घरात बोलताना प्रत्येक देशाकडे आपल्या दुखण्यासाठी एक ठेवणीतली सबब असते. शेजारी समोर बसला की ती सबब चालत नाही, कारण त्याच्याकडे तीच सबब नसते, आणि दुखणं मात्र तेच असतं.

स्वीडनच्या तज्ज्ञाला बोलावून हे होत नाही. स्वीडनच्या गटारांची गोष्ट ऐकली की आपण ‘त्यांचं काय बुवा’ म्हणून मोकळे होतो. कराचीचं तसं म्हणता येत नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतली नारायण जगन्नाथ हायस्कूल ही १८५५ सालची सरकारी शाळा आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव मिरवते. डी. जे. सिंध कॉलेज १८८७ साली सुरू झालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं. कराचीची पोरं मुंबईची प्रश्नपत्रिका सोडवायची. सिंधला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते थेट १९४७ मध्ये. म्हणजे ज्या सभागृहात ‘दक्षिण आशिया’ असं चोरटं नाव घालून कराचीशी बोलावं लागतं, तशाच सभागृहांतून साठ वर्षं कराचीचे पदवीधर बाहेर पडत होते.

आता सफाईचंच घेऊ. सबब कशी गळून पडते, ते इथं सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

डिसेंबर १९४७. कराची ही नव्या पाकिस्तानची राजधानी आहे, हिंदू कुटुंबं बोटींनी मुंबईकडे निघाली आहेत, आणि सरकारच्या लक्षात येतं की झाडूवाले आणि मेहतरही निघाले आहेत. त्यांना थांबवण्यासाठी अत्यावश्यक सेवेचा कायदा पुढे केला जातो. ते निघून गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, असा सवाल पंतप्रधान लियाकत अलींनी केल्याचं भारताचे तिथले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी नोंदवून ठेवलं आहे. इकडे कायदामंत्री असलेले बाबासाहेब आंबेडकर याच महिन्यात नेहरूंना पत्र लिहून तक्रार करतात, की पाकिस्तान अस्पृश्यांना अडकवून ठेवत आहे आणि आपलं सरकार त्यांना आणण्यासाठी पुरेसं काही करत नाही. त्याआधीच त्यांनी पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना जाहीर निवेदन देऊन सांगितलं होतं, की मिळेल त्या मार्गानं भारतात या.

पाकिस्तानचे पहिले कायदामंत्रीही दलितच होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जोगेंद्रनाथ मंडल. ११ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेचं अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होतं. बाबासाहेबांना बंगालमधून आपल्या संविधान सभेवर निवडून आणण्यात याच मंडलांचा मोठा हात होता. ऑक्टोबर १९५० मध्ये पाकिस्तानात अल्पसंख्याकांची, त्यातही दलितांची होरपळ पाहून त्यांनी राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला परतले. दोन नवे देश, दोघांचे पहिले कायदामंत्री दलित, आणि दोघांनीही चार-पाच वर्षांच्या आत राजीनामे दिले. कारणं वेगळी होती, पण या दोन राजीनाम्यांची पत्रं समोरासमोर ठेवून लाहोरच्या आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांनी एकत्र वाचली, असा एकही कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही.

पाकिस्तानातली सबब काय? ‘इस्लाममध्ये जात नाही. उरलंसुरलं जे आहे ते हिंदुस्थानातून आलेलं.’ आणि आपल्याकडची? जरा सभ्य भाषेत वेगळी: ‘जात हा हिंदू धर्माचा दोष आहे, धर्म सोडला की सुटला.’ पंजाबातल्या चुहडा म्हटल्या जाणाऱ्या जातीतले लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. आज शंभरेक वर्षांनी लाहोरच्या गटारांत उतरणारी माणसं बहुतेक याच समाजातली आहेत. सफाईच्या जागांसाठी ‘फक्त बिगर मुस्लिमांनी अर्ज करावा’ अशा जाहिराती पाकिस्तानात वर्षानुवर्षं निघत आल्या. २००९ मध्ये सरकारी नोकऱ्यांत अल्पसंख्याकांसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. त्या जागा भरताना खालच्या बाजूनं, म्हणजे झाडूपासून, भरल्या गेल्या. २०१७ च्या रमझानमध्ये सिंधमधल्या उमरकोटला गटारात गुदमरलेल्या एका ख्रिस्ती कामगाराला दवाखान्यात नेलं, तेव्हा रोजा असल्यामुळं घाणीनं माखलेल्या अंगाला हात लावायला डॉक्टरांनी नकार दिला, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. तो वाचला नाही.

हे वाचून आपल्यातल्या कुणाला जरा बरं वाटत असेल, तर थांबावं. आपल्याकडे १९९३ चा कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ चा झाला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. आणि २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली, असं सरकारनंच संसदेत सांगितलं. कायदा नसता तर सबब तरी होती.

महाराष्ट्राची एक गोष्ट तर कराचीच्या बाईंना सांगताना मला घाम फुटला होता. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार आपल्याकडे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. वारसा हक्क म्हणतात त्याला, आणि कामगार संघटना तो टिकावा म्हणून लढतात. बाईंनी विचारलं, ‘म्हणजे जात सरकारच पुढं चालवतं?’ मी गडबडलो. उत्तर मागच्या रांगेतल्या त्या कामगारानंच मला नंतर दिलं. तो म्हणाला, ‘सर, हक्क सोडला तर पोरगा ठेकेदाराकडं जाईल. काम हेच राहील, पगार निम्मा होईल.’ ठेकेदारीनं सरकारी नोकरीचं दार बंद करत आणलं, त्यामुळं वारसा हक्क हाच विमा झाला. कराचीत आणि लाहोरमध्येही रोजंदारीवरच्या सफाई कामगारांची हीच रड आहे. म्हणजे धर्माच्या सबबीखाली झाकलेला प्रश्न अर्धा जातीचा आहे आणि अर्धा ठेकेदारीचा. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला परक्या माणसाचा प्रश्न लागला, हे कबूल केलं पाहिजे.

आणखी एक मुद्दा, जो मराठी माणसानंच त्या चर्चेत मांडावा असा आहे. बाबासाहेबांनी नुसता धर्म बदलायला सांगितला नाही. मेलेली ढोरं ओढू नका, गावकीची कामं सोडा, असं त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितलं. १९५८ च्या कायद्यानं गावकीच्या कामाशी बांधलेली महार वतनं गेली. धर्मांतर आणि काम सोडणं या दोन गोष्टी हातात हात घालून आल्या, म्हणून खेड्यातल्या बौद्धाला मान ताठ करता आली. पंजाबात पाद्री आले, चर्च आलं, शाळाही आल्या, काम मात्र सुटलं नाही. या फरकावर कुणी नीट अभ्यास मांडला तर दोन्हीकडच्या चळवळींना उपयोग होईल. तरीही मुंबईतल्या एखाद्या चौकीचा हजेरीपट उघडून नावं वाचावीत, म्हणजे आपल्याही फार फुशारक्या मारण्यासारखं नाही हे कळतं.

पंजाबच्या धुराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सबबीचा विनोद आहे. लाहोरचं पंजाब विद्यापीठ १८८२ चं. फाळणीत त्याचे दोन तुकडे झाले. इकडचा तुकडा आधी सोलनला आणि पुढे चंडीगडला गेला. दोघांच्या इंग्रजी नावात आज एका अक्षराचा फरक आहे. दर नोव्हेंबरला दोन्ही विद्यापीठांवर एकच काळपट ढग उतरतो. २०२४ च्या नोव्हेंबरात लाहोरमध्ये हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक हजाराच्या वर गेला. लाहोरचे मंत्री म्हणतात, वारा भारताकडून आला. २०२१ च्या डिसेंबरात उत्तर प्रदेश सरकारच्या वकिलांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं, की खराब हवा पाकिस्तानातून येते. मग तिथले कारखाने आम्ही बंद करायचे का, असं सरन्यायाधीश रमणा यांनी त्यांना विचारलं.

दोन्ही बाजूंना धूर आहे, कारण दोन्ही बाजूंना भात आणि गहू एकापाठोपाठ घेतात, यंत्रानं कापतात आणि खुंट शेतात उरतात. आपल्या पंजाबनं २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी भाताची लावणी जूनमध्ये ढकलणारा कायदा केला. पाणी वाचवण्याचा हेतू रास्तच होता. पण कापणीही पुढं सरकली, गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच उरले, आणि काडी पेटवण्याची वेळ नेमकी वारा पडतो त्या थंडीच्या तोंडाशी आली. लाहोरमध्ये वर्षभराचा हिशेब मांडला तर गाड्यांच्या धुराचा वाटा मोठा आहे. हे सगळं दोन्हीकडच्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. ते एका मंचावर, दोन्ही पंजाबांच्या शेतकऱ्यांसमोर, पंजाबीत सांगितलं गेलं तर मंत्र्यांना वाऱ्याकडं बोट दाखवणं जड जाईल. तिथं तर दुभाष्याचीही गरज नाही. पाकिस्तानी पंजाबच्या मुख्यमंत्री मरियम नवाझ यांनी २०२४ मध्ये आपल्या पंजाबच्या मुख्यमंत्र्यांना या विषयावर पत्र लिहिण्याची भाषा केली, तेव्हा निदान विद्यापीठांनी ती संधी उचलायला हवी होती.

आणि पालघर. पालघरला विसरून मुंबईच्या विद्यापीठांनी भारत-पाक प्रश्नावर बोलूच नये. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण भात कापून झाला की उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छ आणि सिंधमधल्या सर क्रीक या खाडीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळं समुद्रातली रेषही तिथं पक्की नाही. बोट हाकणारा तांडेल माशाच्या मागं जातो, पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट धरते, आणि वारली पाड्यावरचा पोरगा कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतो. इकडं सिंधचा मच्छीमार तसाच गुजरातच्या तुरुंगात येतो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ आणि भारताच्या ताब्यात ८१ मच्छीमार होते. शिक्षा काही महिन्यांची असते. ती भोगून झाल्यावर ‘हा आमचाच माणूस’ असं त्याच्या देशानं लिहून देईपर्यंत वर्षं जातात. कैद्यांच्या प्रश्नासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, तिची शेवटची तुरुंगभेट २०१३ ची. मार्च २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार कराचीच्या तुरुंगात वारला. त्याचा मृतदेह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

या प्रश्नात आपली सबब असते ‘पाकिस्ताननं पकडलं’, त्यांची असते ‘हद्द ओलांडली’. आदिवासी पोराला भर समुद्रात कोणत्या करारावर पाठवलं, उचल किती दिली, बोटमालकानं मागं राहिलेल्या घराला काय दिलं, किनाऱ्याजवळचा मासा कुणी संपवला, हे प्रश्न त्या सबबींच्या मागं राहतात. ते प्रश्न कराचीच्या इब्राहिम हैदरी बंदरावर आणि डहाणूच्या पाड्यावर सारखेच आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या याद्या घेऊन बसावं, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उचलीचे हिशेब गोळा करावेत. यात कुठलं गुपित फुटतं?

आता आक्षेप. पहिला सोपा नाही आणि तो मी सोपा करणारही नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली. डोंबिवली, पुणे, पनवेलची. त्यानंतर अटारीची सीमा बंद झाली, व्हिसा रद्द झाले, मे महिन्यात दोन्ही देश लढले. डोंबिवलीतल्या त्या घरांसमोरून जाताना ‘संवाद’ हा शब्द माझ्याही तोंडातून निघत नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, मैत्रीसाठी नको. दहशतवादाचा हिशेब सरकारनं, सैन्यानं, न्यायालयानं करायचा आहे, आणि तो कडक व्हावा. पण गटारात गुदमरणाऱ्याची गोष्ट त्या हिशेबात वजावट म्हणून येत नाही. लाहोरच्या सफाई कामगाराशी आपण बोललो नाही, तर रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयातल्या सेनानींचं काही बिघडत नाही. उलट, पाकिस्तानातल्या ज्या माणसांना तिथली व्यवस्था नकोशी आहे, तीच आपण आधी गमावतो.

दुसरा आक्षेप घरची धुणी चव्हाट्यावर धुण्याचा. लाड-पागेची गोष्ट कराचीला सांगितली तर ते उद्या आपल्याला हिणवतील म्हणे. हिणवोत. कराचीच्या बाईंनी त्यांच्या जाहिरातींची कात्रणं पडद्यावर दाखवली, तेव्हा त्यांना त्यांच्या देशात किती ऐकून घ्यावं लागलं असेल, याचाही विचार करावा. आणि ३७७ हा आकडा कुणी हेरानं पळवलेला नाही, तो संसदेच्या पटलावर आहे.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं घेत नाही, तो नुसता असतो. भीती. १५ जानेवारी २०२१ ला शिक्षण मंत्रालयाचा एक आदेश आला होता: देशाची सुरक्षा, सीमा किंवा अंतर्गत बाबींशी संबंधित विषयावर परदेशी वक्ते घेऊन ऑनलाइन परिसंवाद करायचा असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्या. विज्ञान अकादमींनी निषेध केला, महिन्या-दीड महिन्यात आदेश मागं घेतला गेला. पण महाविद्यालयांच्या कारकुनी स्मरणशक्तीत आदेश टिकतो, माघार टिकत नाही. २०२२ मध्ये पाकिस्तानात शिकायला जाऊ नका, ती पदवी इथं चालणार नाही, असा सल्ला विद्यापीठ अनुदान आयोगानं दिला. सार्क देशांनी मिळून दिल्लीत २०१० मध्ये दक्षिण आशियाई विद्यापीठ सुरू केलं, आठ देशांच्या मुलांनी एका वर्गात बसावं म्हणून. त्या सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर भरलेली नाही. विभागप्रमुख हे सगळं एकत्र मोजतो आणि ‘स्थलांतर : स्वरूप आणि आव्हाने’ असा निरुपद्रवी विषय घेऊन मोकळा होतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत ‘आंतरराष्ट्रीय’ रकाना भरायला आखातातला एखादा माजी विद्यार्थी पुरतो.

मी म्हणतो ती चर्चा भरवायला फार काही लागत नाही. विमानभाडं लागत नाही, व्हिसा लागत नाही. पडद्यावर येणंही जमत नसेल, तर त्यांचे कागद वाचता येतात: त्यांच्या न्यायालयांचे निकाल, त्यांच्या मानवी हक्क आयोगाचे अहवाल, त्यांच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती. बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, उर्दू वाचणारे आपल्याकडं भिवंडी-मालेगावात हजारोंनी आहेत. त्यांना कधी कुठल्या परिसंवादात दुभाषे म्हणून बोलावलं आहे का? पण एक अट मी सोडणार नाही. ज्याचा प्रश्न आहे तो मंचावर हवा, आणि मंचावर त्याची भाषा चालली पाहिजे. नाहीतर दोन्हीकडचे इंग्रजी जाणणारे सभ्य लोक एकमेकांच्या शोधनिबंधांची तारीफ करतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि जेवून घरी जातात. मीही जेवलो आहे. त्या दिवशीच्या दोन तासांत नवं असं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते माइकशिवाय बोललं गेलं.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं. कुणी सांगितलं, का सांगितलं, हे कागदावर कुठंच नाही. आठवड्यानं त्या कामगाराचा फोन आला. व्हिडिओची लिंक मागत होता. वडील आता हिंडू-फिरू शकत नाहीत, त्यांना नारायणपुऱ्याचं ऐकवायचं होतं, आजीच्या तोंडून ते नाव त्यांनीही ऐकलेलं होतं म्हणे. मी आधी तांत्रिक अडचण वगैरे सांगायला लागलो, मग खरं ते सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागं चौकीवर कुणीतरी हजेरीची नावं पुकारत होतं.

मग म्हणाला, ‘पुन्हा ठेवा ना सर. या टायमाला मी पाळी बदलून घेतो, पुढं बसतो.’